पुस्तक छापून झाले, काम नव्हे

गुरुग्रामपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही हिंद महासागरातील जहाजांची माहिती गोळा करणारे आपल्या नौदलाचे केंद्र याच शहरात आहे. २२ डिसेंबर २०१८ रोजी त्याचे उद्घाटन झाले. इतकी माहिती पडद्यावर मिळत असताना छापील सागरी मार्गदर्शिका हवी कशाला, असे माझे वर्गमित्र मला विचारतात. माझे मत असे, की ती हवीच. पण दुरुस्त केलेली हवी.

पडदा आपली नौका कुठे आहे ते सांगतो. मार्गदर्शिका सांगते, की बंदरात शिरताना कोणता खडक टाळावा, नांगर कुठे धरतो, ओहोटीला वाळूचा दांडा कुठे उघडा पडतो आणि वादळात आसरा कुठे मिळतो. शिडाच्या छोट्या नौकेवरची वीज गेली किंवा जीपीएसचा संकेत कोणी मुद्दाम बिघडवला, तरी पुस्तक वाचता येते.

मात्र समुद्र छापल्यासारखा राहत नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले. पुलाआधी छापलेल्या पुस्तकात शिवडीहून न्हावा शेवाकडे मोकळे पाणीच दिसेल. उंच डोलकाठीच्या नौकेला हे महागात पडू शकते. २५ मे २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ एमएससी एल्सा ३ हे मालवाहू जहाज बुडाले. जुन्या पुस्तकात त्याचा सांगाडा कुठून असणार?

यासाठी डेहराडूनचे राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय दर पंधरवड्याला नाविकांसाठी सूचना काढते. नवा दिवा, जागा बदललेला बोया, बुडालेले जहाज, सारे त्यात येते. कागदी नकाशावर ही दुरुस्ती हाताने, जांभळट शाईने करायची आणि खालच्या कोपऱ्यात वर्ष व सूचनेचा क्रमांक लिहायचा. नकाशा कुठवर ताजा आहे, हे तो कोपरा पाहून कळते.

डिजिटल नकाशात चूक नसते, असे मानणाऱ्यांनी अमेरिकी नौदलाच्या ‘गार्डियन’ या नौकेची गोष्ट वाचावी. १७ जानेवारी २०१३ रोजी ती फिलिपिन्समधील तुब्बाताहा प्रवाळ खडकांवर चढली. तिच्या डिजिटल नकाशात ते खडक खऱ्या जागेपासून सुमारे ८ सागरी मैल दूर दाखवले होते. इतर नकाशांशी आणि डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांशी नीट पडताळणी झाली नाही. शेवटी नौका तुकडे करून हलवावी लागली.

डहाणूपासून रेडीपर्यंतच्या बंदरांची एक मराठी मार्गदर्शिका निघावी, असे मला वाटते. ती सुट्या पानांची असावी, म्हणजे बदललेले पान तेवढे बदलता येईल. प्रत्येक पानावर तपासणीची तारीख असावी आणि तपासताना त्या त्या बंदरातल्या मच्छीमारांना विचारले जावे.

पुस्तकाच्या प्रकाशनाला समारंभ होतो, हार-तुरे मिळतात. दुरुस्तीला यातले काही नसते, म्हणून ती मागे पडते. त्यामुळे छपाईसाठी पैसे मागतानाच पुढील पाच वर्षांच्या दुरुस्त्यांचेही मागावेत. ते मिळणार नसतील, तर पुस्तक काढूच नये. ज्याच्याकडे पुस्तक नाही, तो निदान दोरीला शिसे बांधून खोली मोजत हळू जातो. जुन्या पुस्तकावर विसंबलेला मात्र बेधडक पुढे जातो.