कंबरदुखीचा हिशेब

दिवसभर फळ्यापुढे उभा राहणारा शिक्षक आणि दिवसभर फायलींपुढे वाकून बसणारा कारकून, या दोघांनाही जडणारे दुखणे म्हणजे कंबरदुखी. २०२० साली जगात सुमारे ६२ कोटी लोक तिने ग्रस्त होते. हे दुखणे बळावले की मध्यमवर्गीय माणूस बहुधा खासगी तपासणी केंद्राची वाट धरतो. सरकारी रुग्णालय त्याच्या विचारातही येत नाही. हा व्यवहार शहाणपणाचा आहे काय?

केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवून दिले की, आरोग्यसेवेचा बाजार इतर बाजारांसारखा नसतो. काय घ्यावयाचे हे येथे बव्हंशी देणाराच ठरवतो. कंबरदुखीत हा दोष विशेष जाणवतो. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, कंबर मुळीच न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढण्यात आले; कमरेच्या सर्व चकत्या निर्दोष असलेले त्यांत अवघे ३६ टक्के निघाले. तात्पर्य, चित्रात दोष दिसणे निराळे आणि तोच दुखण्याचे कारण असणे निराळे.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन केले. त्यात व्यायाम आणि रुग्णशिक्षण यांवर भर असून, कमरेचे पट्टे व वजने लावून दिलेला ताण सरसकट वापरू नये, असे म्हटले आहे. म्हणजे जे गुणकारी तेच स्वल्पखर्चाचे. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये मात्र त्या निर्णयात नव्हती.

या सेवेचा लाभ घेण्यासही थोडी तयारी लागते. दुखणे केव्हा सुरू झाले, ते पायात उतरते काय, कोणती औषधे झाली, हे एका कागदावर लिहून न्यावे. जुना केसपेपर जपावा. डॉक्टरांपाशी वेळ थोडा असतो. तो एमआरआयचा आग्रह धरण्यात न दवडता, कोणता व्यायाम, किती दिवस आणि पुन्हा केव्हा यावे, हे विचारावे. लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, जांघेत बधिरता येणे, पायातील शक्ती जाणे, यांपैकी काही घडल्यास रांग न धरता तत्काळ अपघात विभाग गाठावा. ताप येऊन वजन घटत असेल, तर मणक्याच्या क्षयाची शंका बोलून दाखवावी. क्षयाचे निदान व औषधे सरकारी यंत्रणेत विनामूल्य आहेत.

रांगा लांब असतात, भौतिकोपचार तज्ज्ञाची जागा कोठे रिकामी असते, हा आक्षेप खोटा नाही. परंतु आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० साली सांगितल्याप्रमाणे, ढासळत्या संस्थेपुढे माणसाला दोन मार्ग असतात: निघून जाणे किंवा आवाज उठवणे. ज्यांना अर्ज लिहिता येतो, नियम वाचता येतात, ते आपण निघून गेलो. मागे उरला तो रोजंदारीवरचा मजूर. रांगेत गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी; त्याच्यापुरते निःशुल्क औषधही फुकट नसते. आपण त्या रांगेत परतलो आणि रिकाम्या जागेविषयी रुग्ण कल्याण समितीकडे चार ओळींचा अर्ज दिला, तर आपला पैसा वाचेलच. शिवाय त्या जागेवर कोणी आलाच, तर तो त्या मजुराच्याही कमरेस उपयोगी पडेल.