जाड तेलाचा भ्रम आणि डब्यावरचा आकडा



आपला कापूस सरकारी खरेदी केंद्रावर गेला की पहिल्यांदा काय होते? ग्रेडर गाडीजवळ येतो आणि ओलावा मोजायचे यंत्र ढिगात खुपसतो. ओलावा ८ टक्क्यांच्या आत असेल तर पुरा भाव. त्यापुढे टक्क्यामागे कपात. १२ च्या वर गेला की गाडी परत. मग धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये, मग मायक्रोनेअर. समोरचा माणूस आपला माल आकड्याने घेतो, तोंड पाहून घेत नाही.

आणि तीच पिकअप रिकामी करून परत येताना आपण गॅरेजसमोर थांबतो व सांगतो, "ऑइल बदलून टाक. चांगलं जाड टाक." कोणते तेल, कोणत्या आकड्याचे, हे आपण विचारत नाही आणि गॅरेजवालाही सांगत नाही. विकताना आपल्याला आकडा लागतो. विकत घेताना मात्र आपण "चांगलं जाड" एवढ्यावर पैसे मोजतो. आमचे म्हणणे या एकाच गोष्टीबद्दल आहे.

कोणी म्हणेल, चळवळीच्या पत्रकात इंजिनच्या तेलाचे काय काम? काम आहे. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. शेजारच्या राज्यात चार पैसे जास्त मिळत असले तरी आपलाच कापूस आपल्याला सीमेपलीकडे नेता येत नव्हता. ती बंदी मोडण्यासाठी शेतकऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिले. आज ती एकाधिकार खरेदी राहिली नाही. कायद्याने वाट मोकळी झाली, पण त्या वाटेवर चालायला चाक लागते. गावात दोन-चार पिकअप चालू असतील तर शेतकरी या बाजार समितीतून त्या बाजार समितीत जाऊ शकतो, एका जिनिंगचा भाव पटला नाही तर दुसऱ्या जिनिंगला जाऊ शकतो. ऐन डिसेंबरात गाडीचे इंजिन बसले की हे सगळे स्वातंत्र्य गॅरेजच्या दारात उभे राहते. घरात कापूस रचलेला, लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटलेली, सोसायटीचा तगादा चालू. अशा वेळी दारात काटा घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला तो म्हणेल त्या भावात माल द्यावा लागतो. म्हणून इंजिनचे तेल हा आमच्या मते बाजारभावाचाच विषय आहे.

आता आकड्याकडे येऊ. डब्यावर इंग्रजीत लिहिलेले असते, पण वाचणे अवघड नाही. १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५०, ५डब्ल्यू-३० असे आकडे असतात. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, तेलाची अशी प्रतवारी १९११ साली सुरू केली. त्यात वेळोवेळी सुधारणा होत आज जगभर तीच चालते. पुष्कळांचा समज असा की १५-४० म्हणजे १५ ते ४० अंश तापमानात चालणारे तेल, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो म्हणून ५० चे तेल हवे. हा समज साफ चुकीचा आहे. हे आकडे हवेच्या अंशांचे नाहीतच.

'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा गार तेल किती सहज वाहते ते सांगतो. आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत लवकर वाहते. १५डब्ल्यूचे तेल शून्याखाली २० अंशांतही इंजिन फिरू देते. आपल्याकडे यवतमाळ-नागपूरला पौष महिन्यात पारा १० च्या खाली उतरला तरी शेकोट्या पेटतात. तेव्हा नुसत्या थंडीचा विचार केला तर १५डब्ल्यू आपल्याला भरपूर आहे. दुसरा आकडा तापलेल्या तेलाचा. १०० अंशांना तेल किती दाट राहते ते तो सांगतो. ३० पेक्षा ४० दाट, ४० पेक्षा ५० दाट.

आणि इंजिनच्या आतला उष्मा बाहेरच्या उन्हावर फारसा ठरत नाही. पाणी आणि थर्मोस्टॅट मिळून पौषात काय नि वैशाखात काय, इंजिन जवळपास एकाच तापमानावर ठेवतात. तेल तापते ते ओझ्याने, चढाने आणि वेगाने. कापसाने गाडी डोळ्यांना भरते, पण वजनाला तेवढी भरत नाही. ज्वारीची पोती मात्र थोडक्या जागेत टन-दीड टन करतात. तीच गाडी ज्वारी भरून घाटात चढते तेव्हा तेलाची खरी परीक्षा असते.

मग जाड तेल वाईट का? जाड म्हणजे ताकदीचे, ही समजूत बैलाच्या वंगणापासून चालत आली. चाकाच्या आसाला वंगण थापले की काम भागते. इंजिनमध्ये तेल थापायचे नसते, पंपाने बारीक वाटांतून फिरवायचे असते. १५डब्ल्यू-४० चे तेल ४० अंशांना जितके दाट असते, त्याच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्शाइतके ते १०० अंशांना उरते. सकाळी गार इंजिनात तेल सर्वांत दाट असते. ठरल्यापेक्षा जाड तेल असले तर ते टर्बोपर्यंत, कॅमपर्यंत उशिरा पोहोचते, आणि तेवढा वेळ लोखंडावर लोखंड घासते. फिल्टरमधून जाड तेल लवकर जात नाही. दाब वाढला की फिल्टरची आडवाट उघडते आणि तेल न गाळताच इंजिनात शिरते. आपल्या पांदीच्या धुळीत न गाळलेले तेल म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. शिवाय जाड तेल फिरवायला डिझेल जास्त जाते.

उलट चूकही तितकीच महाग. ४० चे तेल सांगितलेल्या जुन्या इंजिनात कोणी नवे भारी तेल म्हणून ५डब्ल्यू-३० टाकले, तर भरल्या गाडीत तापल्यावर तेलाचा थर पातळ पडतो आणि बेअरिंग जाते. म्हणजे जाड चांगले नाही आणि पातळही चांगले नाही. इंजिन बनवणाऱ्याने ज्या फटी ठेवल्या, त्या फटींना जे तेल बसते ते चांगले. आणि ते कोणते, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ती पुस्तिका आपण सातबाऱ्याबरोबर पेटीत ठेवतो आणि पुन्हा उघडत नाही.

आकड्याइतकेच महत्त्वाचे दुसरे लेखन डब्यावर असते: एपीआय आणि त्यापुढे अक्षरे. 'सी' ने सुरू होणारे डिझेलसाठी, 'एस' ने सुरू होणारे पेट्रोलसाठी. सीएफ-४ जुने, सीएच-४ आणि सीआय-४ त्यानंतरचे, सीके-४ २०१६ च्या शेवटी आलेले. दोन डब्यांवर १५डब्ल्यू-४० हा आकडा सारखा असेल, पण अक्षरे वेगळी असतील तर तेल एक नाही.

हे आम्हाला ठेच लागून कळले. आमच्या एका कार्यकर्त्याने बीएस-६ ची पिकअप घेतली. १ एप्रिल २०२० पासून देशात नव्या गाड्या या नियमाच्या आहेत. डिझेलच्या अशा गाडीच्या धुराड्यात काजळी धरणारा फिल्टर असतो. काजळी साचली की गाडी ती आपोआप जाळते. पण तेलातली राख जळत नाही, ती तिथेच बसते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचे तेल लागते. कार्यकर्त्याने दोन वर्षे ट्रॅक्टरसाठी आणलेल्या ड्रममधलेच तेल गाडीत टाकले. आकडा जुळतो, मग काय बिघडते, असे आम्हीही म्हणालो. एके दिवशी ज्वारी भरलेली गाडी चढावर दम सोडून उभी राहिली. पुढे जे बिल आले ते त्या खेपेच्या ज्वारीच्या पट्टीपेक्षा मोठे होते. दोष गाडीचा नव्हता, गॅरेजचाही नव्हता. आम्ही डबा वाचला नव्हता.

याच गाड्यांची आणखी एक खोड लक्षात ठेवावी. गावातल्या गावात, शेतापर्यंत आणि परत, अशा तुटक फेऱ्या झाल्या की काजळी पुरती जळत नाही आणि न जळलेले डिझेल तेलात उतरते. डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसते. आपण म्हणतो, बरे झाले, तेल खात नाही. खरे म्हणजे तेल पातळ होत चाललेले असते. पातळी वाढली की तेल बदलायचे, खूश व्हायचे नाही.

आता आमच्याच माणसांचे आक्षेप घेऊ. पहिला: "मेकॅनिकच्या हाताला वीस वर्षांचा अनुभव आहे." असेल, आणि त्याच्या हाताला आम्ही मान देतो. पण बोटाच्या चिमटीत तेल चोळून तापलेल्या इंजिनातला दाटपणा कळत नाही. डिझेलच्या गाडीत नवे तेल थोड्याच दिवसांत काळे पडते, ते काजळी धरून ठेवते म्हणून. काळेपणा हा खराबीचा पुरावा नाही. दुसरा आक्षेप: "जुनी गाडी तेल खाते, निळा धूर सोडते, तिला जाडच लागते." यात थोडे तथ्य आहे. पुस्तिकेतल्या तक्त्यात एक पायरी वरचे तेल चालते असे लिहिले असेल तर झिजलेल्या इंजिनाला ते जरूर द्यावे. पण त्याने रिंगा नव्या होत नाहीत. ते दुखणे लांबवणे आहे, बरे करणे नव्हे. तिसरा: "चांगले तेल महाग पडते." समजा गाडीला ६ लिटर तेल लागते आणि योग्य तेल लिटरमागे १०० रुपयांनी महाग आहे. ६०० रुपये झाले. इंजिन उघडायचे तर नुसता खोलायचा खर्चच याच्या कितीतरी पट असतो, आणि हंगामात बुडालेल्या खेपा वेगळ्याच. पण आम्ही असेही म्हणतो की, जुन्या गाडीच्या पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० लिहिले असताना कोणी ५डब्ल्यूचे सिंथेटिक गळ्यात मारत असेल, तर तेही घेऊ नका. महाग म्हणजे योग्य नव्हे, स्वस्त म्हणजेही योग्य नव्हे. लिहिले आहे तेच योग्य.

बदलायचे कधी, तेही पुस्तिकेतच असते. पण तिथला कठीण वापराचा रकाना पाहावा, साध्या वापराचा नव्हे. धूळ, ओझे आणि तुटक फेऱ्या हा कठीणच वापर. जिनिंगच्या फाटकाबाहेर रात्रभर इंजिन चालू ठेवून गाडी वीत-वीत पुढे सरकते, तेव्हा किलोमीटरचा काटा हलत नाही, पण तेल मात्र झिजते. रांगेत इंजिन बंद ठेवा. तेलाबरोबर फिल्टरही बदला. हवेचा फिल्टर धुळीने भरला असेल तर कोणतेही तेल इंजिन वाचवू शकत नाही.

या जिल्हा बैठकीत आम्ही तीन गोष्टी मांडतो. एक, प्रत्येक गाववार शाखेने गावातल्या प्रत्येक पिकअपची पुस्तिका एकदा उघडावी आणि तेलाचा आकडा, अक्षरे आणि किती लिटर लागते ते एका चिठ्ठीवर मराठीत लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावे. पुस्तिका हरवली असेल तर गाडी घेतली त्या दुकानातून लेखी घ्यावे, आणि नवी गाडी घेताना पुस्तिका मराठीतच मागावी. दोन, सुटे तेल घेऊ नये. बंद डबा, शाबूत सील, बॅच नंबर आणि पक्के बिल घ्यावे. बिल नसेल तर उद्या भांडायला कागद नाही. तीन, रिकामा डबा कापून टाकावा, नाहीतर त्यात जळके तेल भरून तो पुन्हा आपल्यालाच विकला जातो. जळके तेलही विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये. गॅरेजवाल्याला परत द्यावे.

बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर बघायला आपण शिकलो, कारण बोगस बियाण्याने आपल्याला रडवले. औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण बघायला शिकलो. तेलाचा डबा वाचायला कोणत्याही पदवीची गरज नाही. आपला कापूस जो आकड्याने मोजतो, त्याच्यासमोर उभे राहायचे तर आपण जे जे विकत घेतो तेही आकड्याने घेतले पाहिजे. पुढच्या खेपेला गॅरेजसमोर गाडी थांबली की "जाड दे" म्हणू नका. चिठ्ठीवरचा आकडा सांगा, आणि डबा आपल्या हातात घेऊन वाचा.