आधी वजन, मग ताकद

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या कॉलेजातली पंचवीस मुले मिळून एक छोटी रेसिंग कार बांधत आहेत. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर साधारणतः जानेवारीत ‘फॉर्म्युला भारत’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा भरते, तिथे ती न्यायची आहे. सांगाडा, ब्रेक, स्टिअरिंगची जुळणी सगळे मुलांनीच करायचे. इंजिन मात्र कुणी कॉलेजात ओतत नाही, ते बाहेरून निवडून आणावे लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा मिरजेला घरी आला तेव्हा ही निवडच अडून बसली होती.

पर्याय दोन होते. पहिला, जपानी स्पोर्ट्स बाईकचे ६०० सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन. जुने, परदेशातून आलेले. दुसरा, पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकच्या आधीच्या पिढीचे इंजिन. एकच सिलिंडर, ३७३ सीसी. बहुतेक मुलांचा कल पहिल्याकडे. प्रत्येकाने पंधरा हजार काढायचे होते. भाच्याचा वाटा आपाने भिशीच्या पैशातून दिला होता, म्हणून या निवडीत आमच्या घराचाही जीव अडकला होता.

मी भाषेचा शिक्षक, उर्दू आणि मराठी शिकवतो. पण त्रैराशिक मलाही येते. भाच्याने लॅपटॉप उघडला आणि मामू-भाचे हिशोबाला बसलो. स्पर्धेचा नियम असा की पेट्रोल इंजिन ७१० सीसीपर्यंतचे चालेल, पण त्यात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या एका भोकातूनच गेली पाहिजे. त्यामुळे बाईकवर १२० अश्वशक्ती देणारे ६०० सीसीचे इंजिन इथे ८०च्या आसपास येते. ३९०चे मूळचेच ४३च्या घरात. त्याला हवा कमी लागते, म्हणून त्याचे नुकसानही कमी. ४० धरले. आता वजन. ३९०चे इंजिन सुमारे ३६ किलोचे, चार सिलिंडरचे त्याहून वीसएक किलोने जड, वर त्याचा मोठा रेडिएटर आणि पाइप. एक गाडी २१० किलोची धरली, दुसरी २४०ची, चालवणारा ७० किलोचा. भागाकार केला. एका टनाला ३९०वाली गाडी १४३ अश्वशक्ती देते आणि चार सिलिंडरवाली २५८. कागदावर निकाल लागला. मी म्हणालो, “बाबा, चार सिलिंडरच घ्या.”

दुल्हाभाई तिथेच जेवत होते. मिरजेत त्यांचे तीस वर्षांचे गॅरेज आहे. शाळा आठवीत सुटली. मुलगा कॉलेजातल्या गाडीविषयी त्यांच्याशी फार बोलत नाही आणि तेही विचारत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी हात धुता धुता दोन प्रश्न विचारले. पहिला, “मोड पे तेल किधर जाता?” आणि दुसरा, “कागज किसके नाम पे है?”

पहिल्या प्रश्नाचा अर्थ मला कळायला अर्धा तास लागला. बाईक वळणावर झुकते. ती झुकते म्हणून चेंबरमधले ऑइल खालीच राहते आणि पंपाची जाळी तेलात बुडालेली असते. कार झुकत नाही. तेच इंजिन कारमध्ये बसवले की वेगाच्या वळणावर सगळे ऑइल एका बाजूला सरकते, जाळी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. बेअरिंग दोन-चार सेकंद कोरडे फिरले तरी पुरे होते. क्रँक जाम, इंजिन बसले. यावर उपाय आहेत. चेंबरमध्ये आडव्या पत्र्या वेल्ड करता येतात, किंवा तेल वेगळ्या टाकीत ठेवून जास्तीच्या पंपाने फिरवता येते. पण दोन्हीला खर्च आहे आणि दोन्हीचे वजन इंजिनाच्याच नावावर मांडायला हवे. आमच्या तक्त्यात तो रकानाच नव्हता.

ही अडचण एका सिलिंडरच्या इंजिनालाही येतेच, हे दुल्हाभाईंनीच सांगितले. फरक एवढाच की ३९०चे चेंबर उघडून पत्री लावून बघणे गॅरेजात जमते. चुकले, इंजिन गेले, तर दुसरे आणणे मुलांच्या आवाक्यात आहे. त्याची क्लच प्लेट सांगली-मिरजेत संध्याकाळपर्यंत मिळते. बाहेरून आलेल्या जुन्या इंजिनाचा एक गॅस्केट फाटला तर महिना जातो, आणि जानेवारी काही थांबत नाही. या स्पर्धेत सर्वांत जास्त गुण २२ किलोमीटरच्या लांब शर्यतीला असतात. टनामागे २५८ अश्वशक्तीची गाडी चौदाव्या किलोमीटरला बंद पडली तर त्या आकड्याचे काय करायचे?

दुसरा प्रश्न मला लगेच कळला, आणि वाईटही वाटले. इंजिन विकणाऱ्याने बिल देणार नाही असे सांगितले होते. मुलांना त्यात काही गैर वाटले नाही. गाडी रस्त्यावर थोडीच जाणार आहे, ती ट्रॅकवरच चालणार. पण इंजिनावर नंबर असतो. ते चोरीच्या बाईकचे निघाले तर चौकशी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जाण्याआधी ज्या गॅरेजात ते उघडले तिथे येते. आमच्या वस्तीतल्या मेकॅनिकला हे कुणी शिकवावे लागत नाही. बिलाशिवाय पार्ट घ्यायचा नाही, हा नियम दुल्हाभाईंनी तीस वर्षे पाळला, म्हणून शटर आजही सकाळी नऊला उघडते. मुलाच्या शौकापायी ते तो मोडणार नव्हते.

चार सिलिंडरचे इंजिन वाईट असते असे मी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये हौशी लोक सुझुकी हायाबुसाचे इंजिन घरी बांधलेल्या छोट्या गाड्यांत बसवतात आणि त्या गाड्या भन्नाट पळतात. पण ते तेलाची वेगळी सोय करतात, रिव्हर्स गिअरची करतात, कारण बाईकच्या गिअरबॉक्सला सहसा रिव्हर्स नसतोच. त्यांच्याकडे तयार सुटे भाग विकणारी दुकाने आहेत. आपल्याकडे निवड करताना आपल्याकडे काय आहे ते बघावे लागते.

ब्रिटनचाच जुना दाखला बघा. कॉलिन चॅपमनने १९५७ साली लोटस सेव्हन बाजारात आणली. सुट्या भागांत विकत घेऊन घरी जोडली की खरेदी कर वाचत असे, म्हणून अनेकांनी ती तशीच घेतली. सुरुवातीच्या गाडीत फोर्डचे साधे ११७२ सीसीचे इंजिन होते, ताकद चाळीसच्या आसपास. तरी ती मोठ्या गाड्यांना वळणावर मागे टाकायची, कारण तिच्या अंगावर अनावश्यक काही नव्हते. १९७३पासून तीच गाडी कॅटरहॅम बनवते. २०१३ साली त्यांनी तिच्यात सुझुकीचे ६६० सीसीचे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन बसवले. ८० अश्वशक्ती, गाडीचे वजन ४९० किलो. म्हणजे टनाला १६३. १७०० किलोची आणि दीडशे अश्वशक्तीची एसयूव्ही घेतली तर टनाला ८८ येतात. दहा अश्वशक्ती वाढवल्या तर त्या सरळ रस्त्यावर कळतात. दहा किलो कमी केले तर ते ब्रेक लावताना, वळताना, टायर झिजताना, पेट्रोल भरताना, सगळीकडे कळते.

रस्त्यावर चालवण्यासाठी अशी गाडी बांधायची असेल तर मात्र आपल्या देशात इंजिनाच्या आधी कायदा आडवा येतो. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका लोहार कारागिराने भंगारातून छोटी जीप बनवली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१मध्ये आनंद महिंद्रांनी तिचे कौतुक केले, पण नियमांत बसत नसल्याने ती कधी ना कधी रस्त्यावर अडवली जाईल हेही लिहिले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये सांगितले आहे की गाडीत मूळ उत्पादकाच्या नोंदीपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत. रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी नियम हवेतच. पण ब्रिटनमध्ये एकेकट्या गाडीची तपासणी करून तिला परवानगी देण्याची सोय आहे. तशी सोय आपल्याकडे असती तर त्या कारागिराची गाडी संग्रहात न जाता नंबर प्लेट लावून फिरली असती.

माझे सांगणे इतकेच की आपली इंजिनिअरिंगची मुले इंजिन निवडताना आकड्यांचा तक्ता करतात, आणि त्या तक्त्यात गॅरेजचा रकाना नसतो. कॉलेजच्या समितीपुढे डिझाइन मांडतात, तिथे परीक्षक म्हणून प्राध्यापक असतात, कंपनीतले साहेब असतात. त्यात एका मिस्त्रीला बसवायला काय हरकत आहे? हुनर आणि इल्म हे दोन वेगळे शब्द आहेत, हे मी वर्गात नेहमी सांगतो. पण माझ्या घरात ते एका ताटावर बसत नव्हते, आणि चुकीचा सल्ला देणारा बीएड झालेला मी होतो.

मुलांनी शेवटी ३९०चे इंजिन घेतले, अपघातात गेलेल्या बाईकचे, बिलासकट. चेंबरची पत्री मिरजेत वेल्ड झाली. डिझाइनच्या अहवालात मदत करणाऱ्यांची नावे द्यायची होती. भाच्याने फोन करून विचारले, “मामू, अब्बांचं शिक्षण काय लिहू?”

मी म्हणालो, “तुझ्या अब्बांनाच विचार.”

त्याने विचारले. दुल्हाभाईंनी ‘आठवी’ असेच लिहायला सांगितले. त्यापुढे ‘इंजिनकाम, ३० वर्षे’ हे भाच्याने स्वतः जोडले.