सात आठे छप्पन्न, पण का?

आपल्याकडे पोरगं हुशार आहे की नाही हे ठरवायची एक जुनी पद्धत आहे. पाहुणे आले की त्याला पुढे उभं करायचं आणि सांगायचं, "म्हण रे बाराचा पाढा!" ते एका दमात 'बारा दाहे एकशे वीस'पर्यंत पोचलं की पाहुणे खूश, आई खूश. मित्रांनो, माझ्या मते ही परीक्षा पाठांतराची झाली. गुणाकार कळला की नाही, हे त्यातून समजत नाही.

गेलं वर्षभर आम्ही हॉस्टेलमधले चार-पाच जण दर रविवारी सकाळी कॅम्पसमागच्या बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांना गणित शिकवतो. मुलं तिसरी-चौथीतली. पाढे बऱ्याच जणांना येतात. पण मधूनच "सात आठे किती?" विचारलं, की ती 'सात एके सात'पासून चढायला लागतात. कॉम्प्युटरवाल्यांनो, ही तुमची लिंक्ड लिस्ट! मधली एक कडी तुटली की पुढचं सगळं गेलं. आणि या मुलांच्या कड्या तुटणारच. काम संपलं की साइट बदलते, साइट बदलली की शाळा बदलते. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या पोरांचंही तेच. हंगामाचे पाच-सहा महिने ती फडावर असतात. अशा मुलाला विसरलेला पाढा स्वतःचा स्वतः परत उभा करता आला पाहिजे.

त्यासाठी आम्ही फळ्यावर एक चौकोन काढतो. हे मशीन. शेजारी दोन रकाने: 'आत' आणि 'बाहेर'. २ आत गेले, ४ बाहेर आले. मशीन काय करतं? अर्धा वर्ग ओरडतो, "दोन मिळवतं!" उरलेला अर्धा, "दुप्पट करतं!" दोघंही बरोबर. मग ५ घातले, १० आले. आता भांडण मिटलं. एका रीडिंगवरून ग्राफ काढू नये, हे आपल्याला फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलला सांगावं लागतं. ही पोरं ते तिसरीत शिकतात.

यात एक गोम आहे. 'आत'च्या रकान्यात १, २, ३, ४ असे ओळीने आकडे लिहिले, तर मुलं फक्त 'बाहेर'चा रकाना वरून खाली वाचतात: ४, ८, १२, १६. प्रत्येक वेळी चार मिळवले की झालं, आडवं बघायची गरजच नाही. म्हणून आकडे मुद्दाम उलटसुलट द्यायचे. ३, १०, ६. मग नजर आडवी जाते आणि आतल्या आकड्याचं बाहेरच्या आकड्याशी नातं काय, हे शोधावंच लागतं. ते सापडलं, की उलटा प्रश्न टाकायचा: चारच्या मशीनमधून २८ बाहेर आले, तर आत काय गेलं होतं? भागाकार हा शब्दही न उच्चारता भागाकार सुरू होतो.

आता शीर्षकातला 'का'. पाचाचं मशीन आणि दोनाचं मशीन शेजारी ठेवा. दोन्हींत ८ घाला. एकातून ४०, दुसऱ्यातून १६. बेरीज छप्पन्न. सातचं मशीन म्हणजे ही दोन मशीनं एकत्र. नऊचं मशीन तर चौथीतल्या एका मुलीनेच उलगडून सांगितलं, "दादा, धाच्या मशीनमध्ये घालायचं, आन् आत टाकलेलं एकदा काढून घ्यायचं." सात घातले तर सत्तर उणे सात, त्रेसष्ट. हिचा नऊचा पाढा आता कुठल्याही साइटवर हरवणार नाही.

कुणी विचारेल, मग पाढे पाठ करायचेच नाहीत का? करायचे, जरूर करायचे. मोठा भागाकार करताना दर वेळी सात आठे नव्याने जुळवत बसलं तर पोरगं थकून जाईल. भांडण पाठांतराशी नाही, क्रमाशी आहे. आधी नियम सापडू दे, मग तो तोंडात बसू दे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, दिडकी घोकली. दिडकी म्हणजे दीडाने गुणणारं मशीनच की! २ चे ३, ४ चे ६, १० चे १५. बाजारात हिशेब करताना ती रोज वापरात होती, म्हणून टिकली.

आणि हा प्रश्न फक्त मजुरांच्या पोरांचा आहे असं समजून पान उलटू नका. व्हायवाच्या आदल्या रात्री लाप्लासचा तक्ता घोकणारे आपण कोण? ट्रान्सफर फंक्शन म्हणजे तरी काय, इनपुट आत, आउटपुट बाहेर आणि मधल्या चौकोनाचा नियम! तो चौकोन उघडून बघायची सवय आठव्या-नवव्या वर्षी लागली असती, तर सबमिशनच्या रात्री निम्म्या हॉस्टेलचे दिवे जळत राहिले नसते.

सरांना आणि मॅडमना विनंती एवढीच, की घरी आपल्या मुलांना पाढा म्हणायला सांगण्याआधी एकदा मशीन काढून द्या. आणि हॉस्टेलकरांनो, रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ आम्हाला माणसं कमी पडतात. खडू-फळा आमच्याकडे आहे. मेसचे पोहे संपायच्या आत परत सोडू, हा शब्द!