पायापुढची रेघ

‘जिना व्यवस्थित चढतात, मग सपाट फरशीवरच का अडतात?’ पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या घरी हा प्रश्न हमखास पडतो आणि त्यात संशयही असतो. माणूस हट्ट करतो आहे, मनावर घेत नाही, असे घरच्यांना वाटू लागते. ते खरे नसते. दारातून जाताना, वळताना, पलंग आणि कपाटाच्या फटीतून वाट काढताना किंवा वाजणाऱ्या फोनकडे घाईने निघताना या रुग्णाचे पाय एकाएकी जमिनीला चिकटल्यासारखे होतात. धड पुढे निघालेले असते, पावले मागेच राहतात आणि माणूस पडतो. आजार जुना होत जातो तसा हा त्रास अनेकांना गाठतो. हालचालींतील मंदपणा आणि ताठरपणा यांवर लेव्होडोपाच्या गोळ्यांचा जसा गुण येतो, तसा तो या अडण्यावर नेहमी येत नाही.

जिन्याच्या कोड्याचे उत्तर मेंदूत आहे. रोजचे चालणे आपण विचार न करता करतो, कारण मेंदूच्या खोल भागातील बेसल गँग्लिया हे केंद्र ती जबाबदारी सांभाळते. पार्किन्सन्समध्ये मेंदूतील डोपामिन हे रसायन आटले की नेमकी ही आपोआप होणारी हालचाल विस्कटते. मात्र समोर पायरी दिसली, की डोळ्यांकडून आलेली माहिती मेंदूच्या दुसऱ्या, तुलनेने शाबूत असलेल्या मार्गाने पायापर्यंत पोहोचते, असे अभ्यासकांचे मत आहे. ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स पर्डन मार्टिन यांनी 1967 मधील आपल्या ग्रंथात जमिनीवरील रेघांचाही असाच परिणाम नोंदवला. रेघा चालण्याच्या दिशेला आडव्या असतील तरच पाऊल पडते. त्याच रेघा दिशेला समांतर असतील तर उपयोग होत नाही. पुढे 1990 च्या दशकात मेलबर्नमध्ये मेग मॉरिस आणि रॉबर्ट इयानसेक यांनी दाखवले, की मूळ बिघाड पावलांच्या लांबीत आहे, पावलांचा ठेका धरण्याची क्षमता बऱ्यापैकी टिकून असते. योग्य अंतरावर रेघा आखल्या की आखूड झालेले पाऊल पुन्हा लांब पडू लागते.

पण रेघा आखलेली फरशी बरोबर घेऊन बाजारात जाता येत नाही. अंगावर वागवता येईल अशा साधनाचा शोध इथून सुरू झाला. त्याच दशकात अमेरिकेतील टॉम रीस या पायांच्या डॉक्टरांनी, जे स्वतःच पार्किन्सन्सचे रुग्ण होते, वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांबरोबर डोळ्यांपुढे आभासी खुणा दाखवणाऱ्या चष्म्यावर काम केले. इस्रायलमधील टेक्निऑन संस्थेचे योराम बाराम यांनी चष्म्यातून आभासी चौकटींची फरशी दाखवली. रुग्ण चालेल तशी ती सरकत असे. त्यांचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. नेदरलँड्समधील संशोधकांनी तर बुटातच लेझर बसवला. एक पाय जमिनीवर टेकला की त्या बुटातून दुसऱ्या पायापुढे प्रकाशाची आडवी रेघ पडते आणि ती ओलांडायला पाऊल उचलले जाते. या बुटांमुळे, औषधाचा असर उतरलेला असताना, पाय अडण्याचे प्रसंग सुमारे 46 टक्क्यांनी कमी झाले. ज्यांच्यासाठी खोलीबाहेर पडणे हीच मोहीम असते, त्यांच्या लेखी हा आकडा मोठा आहे.

महागड्या चष्म्यांचे निकाल मात्र इतके उत्साहवर्धक नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स या डिजिटल चष्म्यातून दाखवलेल्या खुणांनी जागच्या जागी वळतानाचे अडणे कमी झाले नाही, असे डच संशोधकांनाच आढळले. अशा चष्म्याचा दृष्टीचा पट्टा अरुंद असतो. पायाजवळची रेघ दिसावी म्हणून मान खाली घालावी लागते आणि आधीच वाकलेला देह आणखी वाकतो. होलोलेन्सच्या दुसऱ्या आवृत्तीचे वजन 566 ग्रॅम, किंमत साडेतीन हजार डॉलर होती. आता तर मायक्रोसॉफ्टने तिचे उत्पादनही थांबवले आहे. गूगल ग्लास हा चष्माही बंद झाला. पंधरा-वीस वर्षे सोबत राहणाऱ्या आजाराचा आधार कंपनीच्या एका निर्णयावर टांगलेला असू नये, हा धडा आतापासूनच घ्यायला हवा. डिजिटल चष्म्यांवरील काम थांबवा, असा याचा अर्थ नाही. पडद्याचा पट्टा रुंदावेल, वजनही घटेल. प्रत्येक नव्या साधनाची तुलना मात्र जमिनीवर चिकटवलेल्या साध्या पट्टीशी व्हायला हवी. पट्टीपेक्षा ते सरस ठरत नसेल, तर रुग्णाच्या खिशाला हात घालण्याचा त्याला अधिकार नाही.

आपल्याकडचा विचार आणखी वेगळा करावा लागेल. पाय सर्वाधिक अडतात ते घरात, उंबरठ्यापाशी, न्हाणीघराच्या दारात. आणि आपण घरात अनवाणी वावरतो. लेझरचा बूट दाराबाहेरच राहणार! त्याऐवजी कमरेच्या पट्ट्यावर किंवा काठीवर बसणारा, ओल्या फरशीजवळही चालणारा, थरथरत्या बोटांनी सुरू करता येईल असा दिवा आपल्या उपयोगाचा. बाहेर भर उन्हात लेझरची रेघ फिकी पडते, तेही ध्यानात ठेवावे लागेल. मिलेहा सोनेजी या भारतीय डिझायनरने असा घरगुती विचार केला. पार्किन्सन्स असलेले आपले काका जिना सहज चढतात हे पाहून त्यांनी जमिनीवर पायऱ्यांचा आभास देणारे चित्र अंथरले, आणि काका त्यावरून न अडखळता चालत गेले. एका माणसाचा अनुभव म्हणजे चाचणी नव्हे, पण सुरुवात अशाच बारकाईने पाहण्यातून होते.

अशा खुणांचा फायदा सगळ्यांना सारखा होत नाही. नजर अधू असेल, विस्मरण वाढले असेल, तर रेघ गोंधळातही टाकू शकते. म्हणून दोन रेघांमधले अंतर फिजिओथेरपिस्टने रुग्णाला चालवून पाहूनच ठरवावे. पाय अडलेल्या माणसाला घरच्यांनी ओढू नये, घाई करू नये. क्षणभर थांबू द्यावे आणि त्याच्यापुढे आपले पाऊल आडवे ठेवून ते ओलांडायला सांगावे.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत पार्किन्सन्स सोसायटीची केंद्रे आहेत. रुग्ण आणि कुटुंबीय तिथे एकत्र येतात. अंतिम वर्षाच्या प्रकल्पांसाठी विषय शोधणाऱ्या राज्यातील अभियांत्रिकी आणि डिझाइन महाविद्यालयांनी त्यांच्याकडे जावे, आणि पहिला आराखडा काढण्याआधी या माणसांच्या घरी जाऊन त्यांना चालताना पाहावे.