जखम बांधणारा गडी

गेल्या पावसाळ्यांत एका सायंकाळीं, मैदानावर चिखल झाला असतां, नववीच्या वर्गांतील पांच मुलें एका मेजाभोंवतीं बसलेलीं आम्हांस आढळलीं. मेजावर कागद, पेन्सिली आणि आठ बाजूंचे, वीस बाजूंचे असे चमत्कारिक फांसे. फांसे पाहतांच आमच्या कपाळास आठी पडली, हें कबूल करावयास हवें. परंतु पैशाचा तेथें मागमूसही नव्हता. शिक्षकानें शिक्षेपूर्वीं चौकशी करावी, म्हणून आम्ही बाकावर बसलों. आणि तास कसा गेला तें कळलें नाहीं.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा हा खेळ १९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. एक गडी सूत्रधार होऊन कथा सांगतो. बाकीचे तींतील एकेक पात्र होतात. पात्रानें काय करावें हें गड्यानें ठरवावयाचें, आणि तें साधलें कीं फसलें हें फांशानें. प्रत्येक पात्राचा एक वर्ग असतो, त्यास ‘क्लास’ म्हणतात. आरंभीं असे वर्ग तीनच होते : योद्धा, जादूगार व क्लेरिक. २०१४ सालच्या नियमपुस्तकांत ते बारा झाले. क्लेरिक म्हणजे एखाद्या देवतेच्या सेवेस वाहिलेला व जखमा बऱ्या करण्याची शक्ति लाभलेला वीर.

प्रत्येक गड्याचा एक वर्ग आवडीचा असतो. तलवार पुष्कळांस हवी, जादूची काठी त्याहून हवी; क्लेरिक मात्र बहुधा कोणास नको असतो. मग तो कोणाच्या गळ्यांत पडतो? जो नाहीं म्हणत नाहीं त्याच्या. “तूं समंजस आहेस, तूंच हो,” असें म्हणून तें काम गरीब स्वभावाच्या मुलावर ढकललें जातें. आमचा आक्षेप खेळास नसून या ढकलण्यास आहे. कारण हीच रीत आम्हीं पुष्कळ घरांतही पाहिली आहे. आजारी आजीच्या उशाशीं कोणीं बसावयाचें? बहुधा थोरल्या मुलीनें. आणि तिला कोणी विचारीत नाहीं.

त्या दिवशीं मात्र एका मुलीनें क्लेरिक आपण होऊन मागून घेतला होता. नियम असा कीं, पहिल्या पायरीवरील क्लेरिकपाशीं जखम भरून काढणारे मोठे मंत्र दोनदांच चालतात. ते सरले कीं रात्रीचा विसांवा घेईपर्यंत पुन्हां मिळत नाहींत. ज्याची शक्ति शून्यावर आली तो खालीं पडतो, व आपली पाळी आली कीं वीस बाजूंचा फांसा टाकतो. दहा किंवा अधिक पडल्यास अनुकूल, कमी पडल्यास प्रतिकूल. तीन वेळां प्रतिकूल पडलें कीं तें पात्र मेलें.

तिच्यापाशीं एकच मंत्र उरला होता आणि दोघे पडले होते. एक तिची जिवलग मैत्रीण. दुसरा कोणाचें न ऐकतां पुढें धांवलेला योद्धा. कोण आवडता, कोण दोषी, हें तिनें पाहिलें नाहीं. कोणाचे प्रतिकूल फांसे किती, एवढेंच विचारलें. मैत्रिणीचा एक होता, योद्ध्याचे दोन. ती योद्ध्याकडे गेली. शत्रूवर वार करण्याची स्वतःची संधि तिनें सोडली, त्याबद्दल कोणीं शाबासकी दिली नाहीं. योद्धा उठला तो पुन्हां पुढेंच धांवला! मैत्रीण फांशांच्या कृपेनें तगली. मागाहून आम्हीं तिला विचारलें, “हाच वर्ग तुला कां आवडतो?” ती म्हणाली, “सर, पडलेला उठला म्हणजे त्याचा खेळ संपत नाहीं.”

१९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कांहीं ख्रिस्ती मंडळींनीं, हा खेळ मुलांस सैतानाच्या नादीं लावतो, अशी ओरड केली होती. त्यांच्या काळजीची आम्ही थट्टा करणार नाहीं. मूल कशांत रमतें हें पाहणें पालकांचें कर्तव्यच आहे. परंतु आम्हीं जें पाहिलें तें बेरीज-वजाबाकी, वाचन आणि न्याय-अन्यायाचा वाद, एवढेंच. राक्षस होते, पण ते आजीच्या गोष्टींतल्यासारखे. दोष आहे तो वेळेचा : एक डाव तीन-चार तास सहज चालतो, आणि परीक्षा कोणासाठीं थांबत नाहीं.

म्हणून आमचें मत असें. विद्यार्थ्यांनो, आवडता वर्ग खुशाल खेळा; परंतु क्लेरिक कोणावर लादूं नका. कोणासच नको असेल तर तो आळीपाळीनें घ्या, आणि ज्यास तलवारीची फार हौस त्यानें तो आधीं घ्यावा. पडलेल्यासाठीं आपली संधि सोडणें म्हणजे काय, हें तलवार हातीं असतां सहसा कळत नाहीं. आणि पालकहो, खेळ बंद करण्यापूर्वीं एक तास मेजापाशीं बसा. आपलें मूल कोणता वर्ग घेतें, तो त्यानें आपण होऊन घेतला कीं त्याच्या गळ्यांत पडला, एवढें पाहा. मग तोच प्रश्न घरींही एकदां विचारावा.