ऊद, लोबान आणि बखूर : सुगंधाचे नाव, औषधाचे नाव

गेल्या काही वर्षांत आपल्या अनेक आयुर्वेदीय औषधालयांच्या फळीवर एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. त्याचे नाव बखूर. आखाती देशांतून येणारे, सोनेरी झाकणाच्या डबीतील, काळसर व चिकट असे हे धूपद्रव्य आता केवळ मुंबईच्या मोहम्मद अली मार्गावरील अत्तरांच्या दुकानांपुरते राहिलेले नाही. आखातात नोकरीस असलेली कोकणातील मुले सुटीवर येताना ते घेऊन येतात, शहरांतील हौशी गृहिणी ते मागवितात, आणि काही औषधालयांत त्या डबीवर 'अगुरुयुक्त धूपन' अशी मराठी चिठ्ठी चिकटविलेली आम्ही स्वतः पाहिली आहे. बखूर घरात दरवळावा यास आमची हरकत नाही. त्या चिठ्ठीस मात्र आहे, आणि ती का, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रारंभी आमचीच एक चूक सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडील एका सूतिकेच्या घरी बाळाच्या धुरीसंबंधी विचारणा झाली. आम्ही ओवा, वावडिंग, बाळंतशेपा यांबरोबर "थोडा ऊद घाला" असे तोंडी सांगितले. काष्ठौषधींच्या दुकानात ऊद मागितला की बहुधा लोबान हाती पडतो, आणि आमच्या मनात तोच होता. परंतु बाळाचे आजोबा मस्कतला नोकरीस. आजींनी त्यांना दूरध्वनीवर कळविले, "डॉक्टरांनी ऊद सांगितलाय." त्यांनी अत्यंत प्रेमाने, बरेच पैसे मोजून, ऊदाचा बखूर धाडला. दारे-खिडक्या लावून बाळंतिणीच्या खोलीत तो दोन्ही वेळा जळू लागला. बाळास सुदैवाने काही झाले नाही. मात्र त्याच घरातील सहा वर्षांचा थोरला मुलगा, जो तमकश्वासासाठी आमच्याच चिकित्सेत होता, त्यास तिसऱ्या रात्री असा वेग आला की रुग्णालयात नेऊन प्राणवायू द्यावा लागला. दुसऱ्या दिवशी आजी म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीच तर सांगितलं होतंत ना, ऊद घाला म्हणून?" या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. मुलगा बरा झाला. ती डबी आजही आमच्या कपाटात आहे.

आम्ही द्रव्य सांगितले नव्हते, केवळ एक नाव सांगितले होते. आणि धूपद्रव्यांच्या बाबतीत नावांचा घोळ फार जुना आहे.

अरबी भाषेत 'ऊद' म्हणजे लाकूड आणि, विशेषेकरून, अगुरूचे लाकूड. आपल्याकडे तो शब्द आला, 'उदबत्ती'त रुजला, आणि बाजारात मात्र तो लोबानास चिकटला. अरबीतील 'लुबान' म्हणजे धोफारचा कुंदुरु. आपल्याकडचा 'लोबान' हा त्याहून निराळ्या, स्टायरॅक्स कुलातील वृक्षाचा निर्यास असून तो मुख्यतः सुमात्राकडून येतो. अरब व्यापारी त्यास 'लुबान जावी', म्हणजे जावाकडचा लुबान, म्हणत, आणि याच शब्दाचा अपभ्रंश होत युरोपीय भाषांत 'बेंझोइन' झाला. म्हणजे मराठी माणसाने मस्कतमध्ये ऊद मागितला तर त्यास अगुरु मिळेल, लोबान मागितला तर कुंदुरु मिळेल, आणि ज्या लोबानाची त्यास सवय आहे तो बहुधा मिळणारच नाही. 'कुंदुर' हा शब्द तेवढा अरबी, फारसी व संस्कृत या तिन्हींत जुळतो.

आता या द्रव्यांचे गंध पाहू. ग्राहकास उत्तर देणाऱ्या औषधालयचालकांनी ते एकदा तरी शेजारी शेजारी ठेवून हुंगावेत, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

धोफारचा लुबान हा बॉसवेलिया सॅक्रा या वृक्षाचा निर्यास. ओमानच्या दक्षिणेस सलालाहच्या परिसरात हे वृक्ष आहेत, आणि या व्यापाराशी निगडित वाडी दौका, शिसर, खोर रोरी व अल बलीद ही स्थळे २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. सालीवर घाव घालून पहिला स्राव टाकून देतात आणि पुढील स्राव गोळा करतात. प्रदेशानुसार होजारी, नज्दी, शाबी अशा त्याच्या प्रती ठरतात. होजारीचे हिरवट पांढरे, पारदर्शक खडे सर्वांत मानाचे. निखाऱ्यावर ठेवताच त्यांतून लिंबाच्या सालीसारखा, किंचित कर्पूरासारखा, स्वच्छ गंध येतो. आपली शल्लकी, म्हणजे सातपुड्यातील साळई, ही याच कुलातील. तिचा कुंदुरु थोडा अधिक उग्र, राळेकडे झुकणारा. दोन्ही हुंगल्यास बहिणी वाटतात, जुळ्या मात्र नव्हेत.

लोबानाचा गंध याहून अगदी वेगळा आहे. तो गोड, जड, व्हॅनिलाची आठवण देणारा असून खोलीत बराच काळ रेंगाळतो.

अगुरूचा प्रकार तर सर्वस्वी निराळा. ॲक्विलेरिया वृक्षाचे निरोगी लाकूड पांढुरके, हलके आणि गंधहीन असते. किडीने पोखरल्यावर व बुरशीचा संसर्ग झाल्यावर वृक्ष स्वसंरक्षणार्थ जी राळ निर्माण करतो, ती भरलेला काळा गाभा म्हणजे अगुरु. आसामातील होजाई हे या व्यापाराचे आजही मोठे केंद्र असून तेथील माल आखातात जातो. भारतीय ऊदाचा गंध प्रथम तीव्र, कातड्यासारखा, काहींस तर गोठ्यासारखा वाटतो. थोड्या वेळाने त्यातून गोडवा उमटतो. कंबोडियाकडील ऊद आरंभापासूनच फळासारखा गोड. अरब रसिक या दोहोंत मोठा भेद करतात.

आणि बखूर? बखूर हे मुळी एक द्रव्यच नव्हे. लाकडाचे तुकडे किंवा भुसा सुगंधी तेलांत मुरवून, त्यात चंदन, राळा, कस्तुरीसारखे व अंबरासारखे गंध, आणि अनेकदा साखर वा मध घालून ते सिद्ध करतात. एडनकडील बखूर तर साखरेच्या पाकातच शिजवितात. जुन्या घराण्यांतील स्त्रिया आपापले पाठ जपून ठेवतात व ते बखूर खरोखर सुंदर असते. परंतु बाजारी डबीत अगुरु किती, चंदन किती आणि कृत्रिम गंधद्रव्य किती, हे झाकणावर लिहिलेले नसते. आमच्या कपाटातील डबी उघडली की गुलाबाचा व कस्तुरीचा भपकारा येतो. अगुरु आम्हांस त्यात शोधूनही सापडला नाही.

येथे काही वैद्यबंधू म्हणतील की अगुरु व कुंदुरु ही आपल्याच संहितांतील द्रव्ये आहेत. तीच अरबस्तानातून सुंदर डबीत परत आली तर बिघडले कोठे? चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात अगुरु श्वासहर व शीतप्रशमन या दोन्ही महाकषायांत घेतला आहे. सुश्रुताचार्यांच्या एलादि गणात कुंदुरु व अगुरु दोन्ही आहेत. हे सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु त्याच चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात श्वासाच्या हेतूंमध्ये रज व धूम यांची गणना केली आहे, हे आपण विसरतो. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात धूमोपहताची लक्षणे श्वास, कास, नेत्रदाह यांसह वर्णिली आहेत. द्रव्य श्वासहर आहे म्हणून त्याचा धूर श्वासहर ठरत नाही. महाकषायातील अगुरु हा कषायासाठी सांगितला आहे. बंद खोलीतील निखाऱ्यासाठी नव्हे.

शल्लकीच्या गोळ्या संधिवातात देणाऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे. ज्या बॉसवेलिक आम्लांवर त्या गोळ्यांची भिस्त आहे, ती सहजी उडून जाणारी नाहीत. धुरातून दरवळतो तो मुख्यतः तेलाचा व जळणाऱ्या राळेचा अंश. लुबान जाळल्याने सांधे हलके होतात असे ग्राहकास सांगणे म्हणजे एका कल्पाचे गुण दुसऱ्यास चिकटविणे होय.

आधुनिक परीक्षणांनीही याच दिशेस बोट दाखविले आहे. ओमानमधील दोन विभागांतील शाळकरी मुलांची एक पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. घरी बखूर जाळण्याने दम्याचे प्रमाण वाढते असे तीत आढळले नाही. परंतु ज्यांना दमा आहे अशा मुलांची घरघर वाढविणारे ते एक नेहमीचे कारण असल्याचे आढळले. हा निष्कर्ष आम्हांस फार समतोल वाटतो. तो घाबरवीत नाही, पण वैद्याने कोणास जपावे हे नेमके सांगतो. २०१३ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी संयुक्त अरब अमिरातीतील धूपाच्या धुराची तपासणी केली असता त्यात सूक्ष्म कणांबरोबर कार्बन मोनॉक्साइड व फॉर्मल्डिहाइड आढळले. यातील काही वाटा कोळशाचाही असतो. झटपट पेटणाऱ्या ज्या काळ्या चकत्या बखूरबरोबर विकल्या जातात त्यांत सोरा मिसळलेला असतो, आणि पेटतानाचा त्यांचा पहिला धूर तर कोणीच घेऊ नये.

या संदर्भात अरबांची मूळ रीत पाहण्यासारखी आहे. तेथे मबखरा, म्हणजे धूपपात्र, दिवसभर धुमसत ठेवण्याची रीत नाही. भोजन व कॉफी आटोपल्यावर ते पाहुण्यांत फिरविले जाते. प्रत्येक जण क्षणभर वस्त्राशी, दाढीशी वा केसांशी धरून पुढे देतो. ऊद आला की निरोपाची वेळ झाली, असा त्यातील संकेत. कपड्यांसाठी लाकडी वा वेताची तिवई असते. तीवर वस्त्र पसरून खाली धूपपात्र ठेवतात. आता चरकाचार्यांचा शारीरस्थानातील आठवा अध्याय काढा. तेथे कुमाराच्या वस्त्रांस, शय्येस, आस्तरण-प्रावरणांस धूपन सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात गुग्गुलु, अगुरु, सर्जरस, वचा आदींचे जे धूपन सांगितले, तेही व्रणाच्या संदर्भात. दोन्हीकडे धूर कोणास द्यायचा, किती वेळ द्यायचा, याची मर्यादा आहे. ती मर्यादा गाळून डबी तेवढी आपण उचलली.

म्हणून आमच्या व्यवसायबंधूंस व औषधालयचालकांस काही नम्र सूचना.

चिकित्सापत्रावर 'ऊद', 'धूप', 'लोबान' असे मोघम शब्द लिहू नयेत व तोंडीही सांगू नयेत. अगुरु, शल्लकीनिर्यास, स्टायरॅक्सचा लोबान असे द्रव्याचे नाव लिहावे. मात्रा, काल व रीतही लिहावी.

बखूर विकावयाचे असल्यास अवश्य विकावे, पण उदबत्ती व अत्तराच्या फळीवर. औषधांच्या फळीवर नव्हे. त्यावर रोगाचे नाव नको, 'धूपन' हा शब्दही नको. औषध म्हणून विकावयाची वस्तू तयार करण्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये परवाना लागतो, आणि घटक ठाऊक नसलेल्या डबीस तो मिळण्याचा प्रश्नच येत नाही.

ग्राहकास एकच प्रश्न विचारावा : घरी श्वासाचा रुग्ण, तान्हे मूल वा गर्भिणी आहे काय? असल्यास जाळू नका असे स्पष्ट सांगावे. नसल्यास खिडकी उघडी ठेवून, हरभऱ्याएवढा तुकडा, थोडाच वेळ, शक्यतो कपड्यांस, असे सांगावे. एक डबी कमी खपेल. ग्राहक मात्र पुन्हा येईल.

ऊदाचे तुकडे ठेवणाऱ्यांनी त्यांचे मूळ विचारून घ्यावे. आसामचा ॲक्विलेरिया मलाक्सेन्सिस हा वृक्ष वन्य प्राणी व वनस्पतींच्या व्यापारासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात १९९५ पासून आहे, आणि २००५ पासून या कुलातील सर्व वृक्ष त्यात आले. कागदपत्रांवाचून येणारा स्वस्त माल बहुधा एकतर चोरटा असतो किंवा खोटा. पाण्यात बुडतो तो खरा, ही कसोटीही आता पुरेशी नाही, कारण वजन वाढविण्यासाठी कृत्रिम राळ भरलेले तुकडेही बाजारात येतात.

सुगंधाने मन प्रसन्न होते, हे नाकारण्याचे कारण नाही. सणाच्या दिवशी आमच्याही घरी होजारीचे दोन खडे निखाऱ्यावर पडतात आणि आम्हांस ते फार आवडतात. तो आनंद आनंद म्हणूनच घ्यावा. त्यास औषधाचे नाव दिले की त्याबरोबर वैद्याचे उत्तरदायित्व येते, आणि ते पेलण्याची सिद्धता नसेल तर नाव देऊ नये.

त्या आजी अजूनही आमच्याकडे येतात. परवा नातसुनेच्या बाळंतपणाच्या तयारीसाठी आल्या होत्या. धुरीची यादी आम्ही कागदावर लिहून दिली, प्रत्येक द्रव्यापुढे मात्रा घातली, आणि खाली लिहिले : वस्त्रांस द्यावी, बाळास नव्हे. आजींनी कागद चष्म्यापाशी नेऊन दोनदा वाचला व म्हणाल्या, "हे तेव्हाच लिहून दिलं असतंत तर?"